वसाम्ले व इन्शुलिन-संवेदनशीलता (चंद्रपूर–गडचिरोली)

आहारातील वसाम्लांच्या प्रकारानुसार स्नायू व यकृत इन्शुलिनला किती दाद देतात हे काही अंशी ठरते. चंद्रपूर आणि त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांचा बराच भाग झाडीपट्टीत मोडतो. इथले जेवण भातावर उभे आहे आणि त्यात तेल बेताचेच असते. त्यामुळे या भागात तेल किती खाल्ले यापेक्षा कोणते खाल्ले, हा प्रश्न आधी येतो.

टोळीचे तेल : मोहाच्या बियांना टोळी, काही गावांत टोरी म्हणतात. फाल्गुन-चैत्रात फुले वेचून झाली की पावसाच्या तोंडाशी फळे पिकतात. बिया फोडून, वाळवून, कांडून घाण्यात किंवा लाकडी दाबणीत तेल काढतात. तेल पिवळसर व किंचित कडवट असते आणि थंडीत तुपासारखे थिजते. थिजण्याचे कारण त्याच्या घडणीत आहे. त्यात ओलेइक अम्ल सुमारे ४१ ते ५१ टक्के, स्टिअरिक २० ते २५, पामिटिक १६ ते २८ आणि लिनोलेइक ९ ते १४ टक्के असते. झाड, जमीन व काढण्याची रीत यांनुसार आकडे हलतात. म्हणजे जवळजवळ अर्धे तेल ऑलिव्हमध्ये मुख्य असलेल्या ओलेइक अम्लाचे आणि उरलेल्यातले बरेचसे संतृप्त. संतृप्तांपैकी स्टिअरिक अम्ल रक्तातील कोलेस्टेरॉल फारसे वाढवत नाही; शर्करेच्या बाबतीत मात्र त्याला निर्दोष ठरवण्याइतका पुरावा नाही. पेंडीत सॅपोनिने असतात. म्हणून पेंड मासे गुंगवण्यासाठी वापरत. याच झाडाची वाळलेली फुले निम्म्याहून अधिक साखरेची असतात. 

जवस : धान निघण्याआधी ओल्या बांधीत फेकून घेतलेले उतेरा पीक. तेलातील निम्म्याच्या आसपास भाग अल्फा-लिनोलेनिक अम्लाचा असतो. हे ओमेगा-३ कुळातले असले तरी माशांतील लांब साखळीच्या ओमेगा-३ अम्लांत त्याचे रूपांतर शरीरात थोडेच होते. हवा व उष्णता लागताच तेल खवट होते, म्हणून कढईपेक्षा चटणी हा जवसाचा योग्य वापर. चटणीत बीजासोबत चिकट तंतूही पोटात जातात आणि भातानंतर शर्करा चढण्याचा वेग कमी करतात. जवसाचा जो गुण सांगितला जातो, त्यातला किती अम्लाचा व किती तंतूचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

पामतेल : ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या राज्य सरकारच्या ‘आनंदाचा शिधा’ योजनेत रवा, चणाडाळ, साखर व एक लिटर पामतेल असा संच १०० रुपयांत मिळाला. पामतेलात पामिटिक अम्ल ४० टक्क्यांहून अधिक असते.

कार्यपद्धती : फिलिप रँडल यांनी १९६३ मध्ये दाखवले की स्नायूला वसाम्ले मुबलक मिळाली की त्याचा ग्लुकोजचा वापर घटतो. पुढील संशोधनाने लक्ष पेशीच्या आत साठणाऱ्या स्नेहाकडे वळवले. पामिटिक अम्लापासून डायअसिलग्लिसेरॉल व सिरामाइड तयार होतात. ती इन्शुलिनचा निरोप मधेच अडवतात आणि ग्लुकोज आत घेणारे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर पुरेसे येत नाहीत. ओलेइक अम्ल मात्र ट्रायग्लिसराइडच्या रूपात बांधून ठेवले जाते, त्यामुळे अपाय कमी. डायअसिलग्लिसेरॉल व सिरामाइड यांपैकी मुख्य दोषी कोण, हा वाद संपलेला नाही.

माणसांवरील प्रयोगांत २००१ चा पाच देशांतील अभ्यास महत्त्वाचा. त्यात १६२ निरोगी व्यक्तींना तीन महिने संतृप्त किंवा एक-असंतृप्त स्नेहाचा आहार दिला. पहिल्या गटात इन्शुलिन-संवेदनशीलता सुमारे १० टक्के घटली, दुसऱ्यात टिकली. एकूण ऊर्जेच्या ३७ टक्क्यांहून अधिक स्नेह खाणाऱ्यांत हा फरक पुसला गेला. माशाच्या तेलाची जोड दिल्याने फरक पडला नाही. २०१६ मध्ये १०२ आहार-प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात कर्बोदके किंवा संतृप्त स्नेहाच्या जागी बहु-असंतृप्त स्नेह आल्यास शर्करानियंत्रण सुधारते असे दिसले. हे प्रयोग बहुतांशी पाश्चात्त्य ताटांवरचे आहेत. गडचिरोलीच्या ताटात तेल वाढले तर ते बहुधा भाताच्या जागी येत नाही, भातावर वरून पडते. हा फरक लक्षात न घेता निष्कर्ष उचलू नयेत.

देहयष्टी : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, याज्ञिकांचा २१.२ टक्के. ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. म्हणून कृश दिसणारा इथला माडिया किंवा गोंड आदिवासी शेतकरी इन्शुलिन-संवेदनशील असेलच, असे वजनावरून धरता येत नाही.

मापन : या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. सिकलसेलच्या रुग्णांत तांबड्या पेशी लवकर मरतात आणि एचबीए१सी (सरासरी शर्करेचा निर्देशांक) खोटा कमी दिसतो. मलेरियानंतरही तसे होऊ शकते. उपाशीपोटीची व ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांची तपासणी इथे अधिक विश्वसनीय. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के, ग्रामीण भागात ६.५ टक्के होते. हे राज्याचे आकडे आहेत, या दोन जिल्ह्यांचे नव्हेत.

चारोळी : हिचे तेलही ओलेइकप्रधान, पण चारोळी गोळा होते ती मुख्यतः विक्रीसाठी.