कोंड्यातील बद्ध ठेवा

धान्याच्या इतिहासात कोंड्याइतकी उपेक्षा अन्य कोणत्याही घटकाच्या वाट्यास क्वचितच आली असेल. १८६६ साली ह्लासिवेट्झ आणि बार्थ या रसायनवेत्त्यांनी फेरुलिक आम्ल हे फिनॉली द्रव्य प्रथम वेगळे केले ते हिंगापासून. परंतु गव्हा-मक्याच्या सालीत तेच आम्ल विपुल असून पेशीभित्तिकेतील शर्करा-शृंखलांशी एस्टर-बंधाने जखडलेले असते, हे ध्यानी येण्यास पुढे बराच काळ जावा लागला. दरम्यान बुडापेस्टच्या गिरण्यांनी लोखंडी रुळांचे दळण रूढ केले, मिनिआपोलिसने ते उचलले, आणि शुभ्र मैद्याची जी सद्दी सुरू झाली तिने हे सारे द्रव्य कोंड्यासह गुरांच्या गव्हाणीत रवाना केले. आमच्या घरोघरच्या जात्यांनी मात्र ज्वारी-बाजरी सालीसकट दळली, हा मला त्या दगडांचा मोठाच उपकार वाटतो.

२००२ साली कॉर्नेल विद्यापीठातील अडोम व लिऊ यांनी दाखविले की मक्यातील सुमारे ८५, गहू व ओट यांतील ७५ आणि तांदळातील ६२ टक्के फिनॉली द्रव्ये अशी बद्ध असतात. तत्पूर्वीची बहुतेक मापने मुक्त अंशापुरतीच असल्याने धान्याची ऑक्सीकरणरोधक शक्ती शास्त्राच्या दफ्तरी कमीच नोंदली गेली होती. ही बद्ध द्रव्ये बव्हंशी बृहदांत्रापर्यंत पोचतात व तेथील जीवाणूंकडून मोकळी होतात.

ही मुक्तता आतड्याबाहेर, स्वयंपाकातही घडू शकते. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजविण्याची प्रथा स्पॅनिश अंमलाच्याही कितीतरी आधीची. त्या क्षाराने तोच एस्टर-बंध तुटतो, आणि सुटलेल्या फेरुलिक आम्लाचा बराच अंश फेकून दिल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जातो.