पाचगणीच्या फळाला साखर कुणी लावली?

पाचगणीचं फळांचं गोड म्हटलं की डोळ्यांपुढे बरणी येते: जॅम, क्रश, सरबत. ओव्हनमध्ये भाजलेलं, बेताच्या गोडीचं फळ त्या यादीत नसतं. नाताळच्या जेवणात कुणी ते केलंच, तर हल्लीच्या आरोग्याच्या वेडाचा प्रकार म्हणून त्याकडे पाहिलं जातं. माझ्या मते हा समज उलटा आहे. या डोंगरावरच्या फळात एवढी साखर शिरली ती खाणाऱ्यांच्या हट्टापायी नव्हे, तर व्यापाराच्या गरजेपायी. मुळात हे गाव वसलं तेच प्रकृतीसाठी. महाबळेश्वरचा पाऊस सोसवत नाही म्हणून १८६०च्या दशकात जॉन चेसन यांनी दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली ही जागा नावारूपाला आणली. पुढे निवासी शाळा आल्या, आणि १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम उभारलं. गावाची ओळख हवापालटाची होती. बरणी नंतर आली.

ती आली स्ट्रॉबेरीच्या नाजूकपणामुळे. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली रोपं हिवाळ्यात फळं देऊ लागतात आणि उन्हं तापली की हंगाम आटोपतो. तोडलेलं फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, खालच्या थरातलं तर घाट उतरतानाच दबतं. शेजारच्या भिलारसारख्या गावातल्या शेतकऱ्याला बाजारात न खपलेल्या मालाला दुसरी वाट हवीच होती. १९५९ मध्ये किशोर व्होरा यांनी पाचगणीत सुरू केलेल्या मॅप्रोसारख्या उद्योगाने ती दिली, हे त्याचं श्रेय कुणी नाकारू नये. पण फळ वर्षभर टिकवायचं तर साखर लागते. आपल्याकडचे नियमच सांगतात, की जॅममध्ये विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के हवेत, आणि त्यात मोठा वाटा साखरेचाच असतो. फळाचं प्रमाण मात्र इतर बहुतेक जॅममध्ये किमान ४५ टक्के, तर स्ट्रॉबेरीच्या जॅममध्ये २५ टक्के असलं तरी चालतं. ज्या फळावर गाव ओळखलं जातं, त्याच्याच बाबतीत ही सवलत! भाजलेलं फळ त्याच दिवशी ताटात संपतं, त्याला टिकवण्याचं ओझं नाही. म्हणून साखरही जिभेपुरती घालता येते.

यावर कुणी म्हणेल, की भाजलेलं गोड हा साहेबी प्रकार, आपल्या चुलीचा त्याच्याशी काय संबंध? महाबळेश्वराहून आंबेनळी घाट उतरला की कोकण लागतं, आणि तिथलं धोंडस याचं उत्तर देतं. जून, पिवळ्या पडलेल्या काकडीचा कीस, भाजलेला रवा, गूळ आणि खोबरं एकत्र शिजवून जाड बुडाच्या पातेल्यात थापायचं, खाली मंद निखारे, झाकणावरही निखारे, आणि कडा सुटून खरपूस वास येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचं निनावंही असंच दोन्हीकडून भाजलं जातं. ओव्हन नव्हता, भाजण्याची समज होती. उलट विलायतेत स्ट्रॉबेरी पिकते उन्हाळ्यात, त्यामुळे तिथला नाताळ मनुका-बेदाण्यांवर भागवावा लागे. ताजी स्ट्रॉबेरी नाताळला भाजण्याची सोय पाचगणीलाच आहे, विलायतेतल्या साहेबाला नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आरोग्यच हवं तर फळ कच्चं खावं, उष्णतेने क जीवनसत्त्व घटतं. खरं आहे. पण सणाच्या जेवणात तुलना कच्च्या फळाशी होत नसते; ती होते साखर घातलेल्या क्रीमशी नाहीतर गुलाबजामशी. शिवाय भाजताना स्ट्रॉबेरीला पाणी सुटतं आणि आंबटपणा वर येतो, म्हणून पुन्हा मूठभर साखर ओतण्याचा मोह होतो. त्याऐवजी पिकलेलं केळं कुस्करून मिसळलं तर गोडी येते आणि रसही दाटतो. वर नाचणी किंवा गव्हाचं पीठ, थोडा गूळ आणि तूप चोळून केलेला रवाळ थर पसरायचा. असाच रवाळ थर असलेला विलायती क्रंबलही दुसऱ्या महायुद्धात, लोणी आणि साखर रेशनवर असतानाच घरोघरी रुळला. साखर कमी घालण्याचं शहाणपण टंचाईतून आलं होतं. पाचगणीला ते टंचाईवाचूनही परवडेल, कारण फळ बांधावरूनच येतं.