मातृभाषा, भूमी आणि नर्मदाकाठच्या जीवनशाळा

महाराष्ट्राबाहेर एखादी मराठी शाळा साठ वर्षे चालते, यामागे पालक-शिक्षकांची चिकाटी असते, तसाच राज्यघटनेचा आधारही असतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगतो. हीरक महोत्सवाच्या या प्रसंगी त्याच तत्त्वाची सातपुड्यात लागलेली कसोटी आठवावीशी वाटते. तेथे परकी ठरलेली भाषा होती मराठी.

नर्मदेच्या दक्षिण तीरावरील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत भिल्ल आणि पावरा समाजाची वस्ती आहे. घरी भिलोरी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला पहिलीचे मराठी पुस्तक अनोळखीच वाटे. त्यातच सरदार सरोवराचे संकट आले. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ साली विस्थापित खातेदारांना जमिनीच्या मोबदल्यात जमीन देण्याचे ठरवले. परंतु पिढ्यान्‌पिढ्या कसलेली कित्येक शेते वनखात्याच्या हद्दीत होती. सरकारी दप्तरी ती अतिक्रमणे ठरली.

अशा काळात, १९९१-९२ च्या सुमारास, नर्मदा बचाओ आंदोलनाच्या पुढाकाराने चिमलखेडी व निमगव्हाण येथे जीवनशाळा सुरू झाल्या. बांबू-लाकडाच्या त्या शाळा ग्रामस्थांनी श्रमदानातून उभारल्या. खोऱ्यातील तरुण शिक्षक झाले. आरंभ मुलांच्या बोलीतून होई, मग मराठी येई. नदी, झाडे, औषधी वनस्पती यांचाही अभ्यासात समावेश असे. पुढे धरणाचे पाणी चढले, तेव्हा शाळेच्या झोपड्याही बुडाल्या. त्या वरच्या अंगाला पुन्हा बांधल्या गेल्या.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले आणि वनजमिनीवरील त्यांच्या वहिवाटीला कायदेशीर हक्काचे रूप दिले. तोवर नर्मदाकाठची पुष्कळ शेते पाण्याखाली गेली होती.

आपले पूर्वज नोकरी-व्यवसायानिमित्त गाव सोडून आले आणि मराठी सोबत घेऊन आले. मागे महाराष्ट्र होता, ग्रंथ होते. पावरीला असे पाठबळ नव्हते. तिचे शब्द त्या डोंगरउतारांशी आणि त्या पाणवठ्यांशी बांधलेले. जमीन बुडाली की मुलाला ते शब्द दाखवायचे कोठे? म्हणून शाळा आणि जमीन हे तेथे एकच मागणे होते. ज्या अनुच्छेदाच्या आधारे आपण आपली शाळा मागितली, तो त्या मुलांचाही आहे, याचे स्मरण आपल्या शाळेच्या साठाव्या वर्षी ठेवणे उचित होईल.