औंधचा कुंचला, सांगलीची पाटी

लहानपणी पाटीवर माणसाचे तोंड काढले नाही असा मनुष्य विरळा. पुढे पोटाची चिंता लागते, पाटी फुटते आणि ते तोंड अर्धेच राहते. ते पुरे करण्याची संधी कोणाला मिळते, एवढाच प्रश्न आम्हांला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. आणि त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत विखुरलेले जुने औंध संस्थान त्याला पुरेसे आहे.

1867, 1868 आणि 1869 अशा लागोपाठच्या वर्षांत जन्मलेल्या तीन माणसांची आयुष्ये या संस्थानाशी जोडली गेली. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर, औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर. वेदांचे भाष्यकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि नांगरांचे कारखानदार, अशी त्यांची ओळख आपल्याला असते. परंतु उमेदीच्या काळात तिघांच्याही हाती कुंचला होता, हे थोड्यांच्याच ध्यानात राहते.

सातवळेकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. व्यक्तिचित्रे काढणे हा त्यांचा चरितार्थ होता. लाहोरात त्यांची चित्रशाळा होती. 1918 च्या सुमारास ते औंधास आले आणि वेदांच्या कामाला त्यांनी स्वतःला वाहून घेतले. लक्ष्मणरावही 1885 साली चित्रकार होण्यासाठीच जे. जे. मध्ये दाखल झाले होते. पण काही रंग त्यांच्या डोळ्यांना वेगळे ओळखता येत नाहीत असे आढळले आणि ती वाट बंद झाली. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. त्या वाटेने ते शिक्षक झाले, बेळगावात सायकली विकल्या, लोखंडी नांगर केले, आणि 1910 साली बाळासाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली.

राहिले राजेसाहेब. राजा म्हटला की आमच्या कपाळाला आठी पडते; पण 1939 साली ज्याने आपण होऊन प्रजेच्या हाती कारभार सोपविला, त्याच्यापुढे ती आठी टिकत नाही. त्यांचा छंद मात्र अखेरपर्यंत सुटला नाही. 1916 साली त्यांचे चित्ररामायण छापले गेले. 1938 साली औंधच्या यमाईच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालय उभारले. तेथे रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे शिल्पही आहे. जरूर जाऊन पाहावे.

तथापि एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. तिघांपैकी छंद म्हणून चित्रकला टिकली ती गादीवर बसलेल्याची. छंदाला वेळ लागतो, आणि कष्टकऱ्याला वेळ कोणी आपण होऊन दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती 1890 साली. आठवड्याला 54 तासांची मर्यादा आली 1934 च्या कायद्याने, 48 तासांची 1946 च्या दुरुस्तीने. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा 1952 चा. साठाव्या वर्षी एखादा कामगार दुपारी निवांत चित्र काढीत बसलेला दिसला, तर त्या दुपारीमागे एवढा इतिहास आहे.

असा एक मनुष्य आमच्या माहितीत आहे. सांगलीत लेथवर टर्नर म्हणून आयुष्य गेले. निवृत्तीनंतर मुलाचा जुना टॅबलेट हाती आला. आम्ही त्याला पाटीच म्हणतो. क्रिटासारखे चित्रांचे प्रोग्रॅम फुकट मिळतात. डेव्हिड हॉकनी या विख्यात चित्रकाराने सत्तरी उलटल्यावर फोनवर बोटाने चित्रे काढली, हे आम्ही त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग मी अजून लहानच की!"

त्यांना आपल्या आईचे चित्र काढावयाचे होते. ती हळदीच्या वखारीत कामाला जाई. तिचा एकही फोटो नाही. म्हणून थोरल्या बहिणीला समोर बसविले, कारण हनुवटी आईची आहे. नवशिका डोळे फार वर काढतो. टर्नरने मोजून पाहिले, डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावरच येतात. आधी नुसत्या करड्या छटांत उजेड आणि सावली बसवावयाची, मग त्यावर रंगाचा वेगळा थर द्यावयाचा. या पाटीवर तांबडा, हिरवा, निळा यांचे 0 ते 255 असे आकडे असतात, आणि प्रत्येक रंग त्या आकड्यांनी ओळखता येतो. हे पाहताना आम्हांला लक्ष्मणरावांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. डोळ्याने दगा दिला तरी आकड्याने वाट दाखविली असती. मग आमच्याकडे लोखंडी नांगर कधी आले असते, हा प्रश्न वेगळा!

पहिले चित्र पुरे झाले तेव्हा बहीण म्हणाली, "ही आपली आई नव्हं. ही कोण तरी नटी हाय." यंत्रातल्या मऊ ब्रशाने सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या. चूक एका टिचकीने मागे घेता येते, ही या पाटीची मोठी सोय. पण चूक कोणती हे पाटी सांगत नाही, ते बहिणीने सांगितले. टर्नरने तो सगळा थर काढून टाकला. चुलीच्या धुराने बारीक झालेले डोळे पुन्हा काढले, कपाळावरच्या रेषा एकेक करून घातल्या.

परवा आम्ही गेलो तेव्हा हातांचे काम चालले होते. नखांच्या कडांना हळदीचा पिवळा हवा होता. त्यांनी दोनदा रंग लावला, दोनदा मागे घेतला. "तो पिवळा धुऊन जात नसे," ते म्हणाले, आणि बहिणीला हाक मारून विचारू लागले की दिवाळीत तरी आईची नखे स्वच्छ असत का.