डॉक्टरने काहीच का केलं नाही?

11 नोव्हेंबर 2018, रविवार. पहिलं महायुद्ध थांबलं त्याला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षं झाली होती. ब्रिटनमध्ये लोक छातीवर लाल पॉपीचं फूल लावून मृत सैनिकांना आठवत होते. त्याच संध्याकाळी बीबीसीवर 'डॉक्टर हू'चा नवा भाग लागला आणि प्रेक्षक एकदम 1947 च्या पंजाबात जाऊन पोचले.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉक्टर हे परग्रहावरचं पात्र आहे, निळ्या पोलीस-खोक्यातून काळाच्या आरपार हिंडणारं. 1963 पासून लोक ते बघत आलेत. 2018 च्या हंगामात पहिल्यांदाच ही भूमिका एका बाईकडे, जोडी व्हिटेकरकडे आली. तिच्यासोबत फिरणाऱ्यांत यास्मिन खान ही शेफील्डची पाकिस्तानी वंशाची पोरगी. भागाचं नाव 'डेमन्स ऑफ द पंजाब', लेखक विनय पटेल.

यास्मिनची नानी उंब्रीन तिला एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ देते, पण त्याची गोष्ट सांगत नाही. पोरगी हट्टाने भूतकाळात जाते, तर तिथे तरुण नानीचं लग्न ठरलंय, आणि तेही प्रेम नावाच्या हिंदू मुलाशी. हा आपला नाना नव्हे! प्रेम ब्रिटिश फौजेत लढून आलेला. त्याच्या धाकट्या भावाच्या, मनीषच्या डोक्यात मात्र द्वेष भरलाय. गावाजवळ दोन अक्राळविक्राळ परग्रहवासी दिसतात. खुनी हेच, असं डॉक्टरला वाटतं, प्रेक्षकालाही वाटतं. पुढे कळतं की त्यांचा स्वतःचा ग्रह नष्ट झालाय, आणि एकटं मरणाऱ्या अनाम माणसाजवळ त्या घटकेला हजर राहणं एवढंच काम त्यांनी आता पत्करलंय. खुनी निघतो घरातला, मनीष. तो बंदूकवाल्यांना घेऊन येतो. नवरदेव मारला जातो. डॉक्टर पाठ फिरवून चालू लागते.

प्रेक्षकांत मतं फुटली ती इथेच. अनेकांना हा त्या हंगामातला सर्वोत्तम भाग वाटला. शेवटच्या नामावलीला नेहमीची धून हिंदुस्तानी ढंगात ऐकू आली, तिचंही कौतुक झालं. 2019 च्या ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत या मालिकेचे दोन भाग होते, त्यातला हा एक. पण दुसरीकडे तक्रार होती: राक्षस राक्षसच नाहीत, आणि डॉक्टर काहीच करत नाही. मग ही विज्ञानकथा कसली?

मला ही तक्रार महत्त्वाची वाटते. मालिकेच्या चाहत्याला सवय असते की कुणीतरी येईल आणि वाचवील. इथे प्रेमला वाचवलं, तर उंब्रीनचं दुसरं लग्न होत नाही आणि यास्मिन जन्मालाच येत नाही. नानीचं दुःख पुसायचं म्हणजे नातीला पुसायचं. फाळणीनंतर जन्मलेल्या किती घरांना हा हिशोब लागू पडतो! कोकणी मुसलमानांची वस्ती आजही कराचीत आहे. इकडच्या आणि तिकडच्या भावंडांच्या पोरांनी हा प्रश्न विचारला नसेल, पण त्यांचं असणंच त्याच्यावर उभं आहे.

आणि बघत राहणं म्हणजे काहीच न करणं का? उर्दूत साक्षीदाराला शाहिद म्हणतात. शहीद हा शब्दही त्याच अरबी धातूतून आलाय. मरणारा आणि ते मरण पाहिल्याची ग्वाही देणारा एकाच मुळाचे. फाळणीत किती गेले याचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. मोजणीतच इतकी तफावत म्हणजे बहुतेकांच्या मरणाला साक्षीदारच नव्हता. त्या परग्रहवाल्यांचं काम मला म्हणूनच पोकळ वाटत नाही.

दुसरा आक्षेप तारखेचा. गोष्ट घडते 17 ऑगस्टला. स्वातंत्र्य तर 14-15 ला मिळालं होतं ना? इथे पटेल यांचा इतिहास पक्का आहे. सिरिल रॅडक्लिफ यापूर्वी कधी हिंदुस्थानात आलेले नव्हते. जुलैत आले आणि पाचेक आठवड्यांत त्यांनी सीमा आखली. निवाडा तयार असूनही माऊंटबॅटन यांनी तो स्वातंत्र्यदिन उलटेपर्यंत रोखून धरला आणि 17 ला जाहीर झाला. मधले दिवस मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा फडकत होता आणि खुलन्यात भारताचा. नंतर दोन्ही उतरवावे लागले. आपण कोणत्या देशात आहोत हे माहीत नसताना माणसं स्वतंत्र झाली होती.

माझी तक्रार वेगळी आहे. पंजाबची कत्तल तिहेरी होती, पण शिखांची बाजू या भागात येतच नाही. रॅडक्लिफ-माऊंटबॅटन यांची जबाबदारीही कडेकडेने जाते. एक हिंदू घर, एक मुसलमान घर, मारेकरी हिंदू, एवढ्यावर कुणी फाळणी समजून घेतली तर ती एकांगी होईल. पण पन्नास मिनिटांत दोन भावांमधून वर्तमानपत्रातला द्वेष घरात कसा शिरतो हे दाखवलंय, ते मात्र खरं आहे.

आणखी एक गोष्ट चाहत्यांच्या चर्चेत फार आली नाही. 1963 साली या मालिकेचा पहिलावहिला भाग दिग्दर्शित केला वारिस हुसेन यांनी, लखनौत जन्मलेल्या तरुणाने. त्यांच्या आई अतिया हुसेन. 1947 च्या सुमारास हे कुटुंब लंडनला आलं आणि तिथेच राहिलं. अतियांनी बीबीसीच्या उर्दू प्रसारणात काम केलं आणि 1961 मध्ये 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही कादंबरी लिहिली, लखनौच्या एका मुस्लिम घराच्या फुटण्याची. म्हणजे मालिकेच्या जन्माच्या वेळी दिग्दर्शकाच्या घरातच फाळणी होती. पडद्यावर यायला तिला 55 वर्षं लागली.

भागाच्या शेवटी नानी विचारते, घड्याळाची गोष्ट ऐकायची का? सगळं डोळ्यांनी पाहून आलेली यास्मिन म्हणते, पुन्हा कधीतरी सांग. त्यानंतर ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई घरांतल्या काही प्रेक्षकांनी लिहिलं की टीव्ही बंद करून त्यांनी आपल्या आजी-आजोबांना विचारायला घेतलं.