आंतरराष्ट्रीय अध्ययन (पदवी शिक्षण)

राष्ट्राराष्ट्रांमधील संबंध इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा व भाषा यांच्या एकत्रित आधारे अभ्यासणारी विद्यापीठीय ज्ञानशाखा. या विषयाचे पहिले अध्यासन पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे स्थापन झाले. भारतात १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाले. हृदयनाथ कुंझरू यांचा त्यात पुढाकार होता, तर ए. अप्पादुराई पहिले संचालक होते. १९७० मध्ये ही संस्था जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. रशिया, पूर्व आशिया, पश्चिम आशिया, आफ्रिका अशा प्रदेशांचा सखोल अभ्यास हे तिचे वैशिष्ट्य. त्यासाठी त्या प्रदेशाची भाषा येणे मोलाचे. भाषा नसेल, तर चीनचा अभ्यासकही चीनविषयी इतरांनी इंग्रजीत लिहिलेलेच वाचत राहतो. पदवीपूर्व अभ्यासक्रमांत मात्र ‘सगळ्यातले थोडे थोडे’ हा दोष सहज शिरतो (हा आक्षेप जुनाच, पण रास्त). म्हणून एखादी मूळ विद्याशाखा पक्की करून इकडे येणे अधिक फलदायी ठरते. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठातूनच आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पीएच.डी. मिळवली.