‘हायब्रीड गांजा’ म्हणजे नेमकं काय? आणि आजोबांच्या चिलमीचा दाखला का चालत नाही?

बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या बॅगेत मुंबई विमानतळावर ‘हायड्रोपोनिक गांजा’ सापडला, ही बातमी आता दर आठ-पंधरा दिवसांनी येते. मागच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर एकाने पेपर पुढे सरकवून विचारलं, “दादा, आपल्याकडे काय कमी आहे का? विमानाने कशाला आणतात?” दुसरा लगेच म्हणाला, “अहो, गांजा तो गांजाच. साधू ओढतात, आमचे आजोबा ओढायचे. काय झालं त्यांना?”

वीस वर्षं कोर्ट-पोलिसाच्या बातम्या करतोय, पण या दुसऱ्या वाक्याला माझ्याकडेही धड उत्तर नव्हतं. म्हणून थोडं वाचलं. पोस्ट लांब आहे, पण घरात कॉलेजचं पोरगं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी एक घोळ मिटवू. हायड्रोपोनिक ही जात नाही. मातीऐवजी खतपाण्यात, बंद खोलीत, दिव्याखाली वाढवायची ती पद्धत आहे. हायब्रीड ही जात. आणि या हायब्रीडच्या कुळात आपल्या मातीचाही अंश आहे.

१७५३ मध्ये लिनियसने युरोपातल्या तागासारख्या झाडाला ‘कॅनाबिस सॅटिव्हा’ नाव दिलं. १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने भारतातून गेलेले नमुने पाहिले. हे झाड वेगळं आहे, यात नशा आहे, म्हणून त्याने नाव ठेवलं ‘इंडिका’. गंमत म्हणजे आज परदेशी दुकानांत ‘इंडिका’ म्हणून मिळते ती अफगाण वळणाची रुंद पानाची बुटकी जात, आणि आपल्याकडची उंच, बारीक पानाची जात ‘सॅटिव्हा’च्या पाटीखाली विकली जाते!

आता आपल्या शेतांकडे या. इंग्रजांच्या काळात गांजा हे परवान्याचं, कराचं पीक होतं. मुंबई इलाख्यात नगर जिल्हा त्यासाठी ओळखला जायचा, मध्य प्रांतात खांडवा आणि बंगालमध्ये नौगाव (आता बांगलादेशात). नौगावला ‘पोद्दार’ नावाचे जाणकार असत. इंग्रज त्यांना चक्क ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. त्यांचं काम एकच. पीक फुलायच्या आत शेतभर फिरायचं आणि नर झाडं ओळखून उपटून टाकायची. नराचा पराग वाऱ्याने उडतो. तो मादीवर पडला की बी धरतं, आणि फुलोऱ्यातला चीक कमी होतो. पराग पडलाच नाही तर तुरा चिकाने भरतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात ‘बिनबियांचा माल’ म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, ते तंत्र आपल्याकडे शंभर वर्षं आधी पगारी कामाचं होतं.

याच काळात ब्रिटिश संसदेत ओरड झाली की गांजाने हिंदुस्थानातले वेड्यांचे दवाखाने भरलेत. म्हणून १८९३ मध्ये आयोग नेमला गेला. त्याने ११९३ साक्षी घेतल्या. १८९४ चा निष्कर्ष असा, की बेताच्या सेवनाने सहसा मोठी हानी दिसत नाही, अतिसेवन घातक आहे. सरसकट बंदी नको, कर आणि परवाने ठेवा. सोशल मीडियावर आज ‘गांजा निरुपद्रवी’ म्हणणारे याच अहवालाचा दाखला देतात. पण आयोगासमोर होता तो त्या काळचा देशी गांजा. हायब्रीड जन्मलाच नव्हता.

तो जन्मला १९७० च्या दशकात, कॅलिफोर्नियात. तिथल्या हौशी बागायतदारांची अडचण साधी होती. मेक्सिको-कोलंबियाची जात उंच वाढायची, फुलायला महिनोन् महिने घ्यायची, तोवर थंडी यायची. अफगाण जात बुटकी, झुडपी, लवकर पिकणारी. दोन्हींचा संकर करून, पिढ्यान् पिढ्या निवड करत ‘स्कंक नंबर १’ ही जात स्थिर झाली. बुटकं झाड, आठ-नऊ आठवड्यांत भरणारा जड, घट्ट तुरा. वास इतका उग्र की दुर्गंध सोडणाऱ्या प्राण्याचं नावच चिकटलं. ‘हेझ’ नावाच्या दुसऱ्या गाजलेल्या संकरात तर दक्षिण भारतीय वाणाचा हात असल्याचं सांगितलं जातं. पुढे हे बियाणं नेदरलँड्सला गेलं. तिथे १९७६ पासून थोडा गांजा बाळगण्याकडे काणाडोळा होता, त्यामुळे बियाण्याच्या कंपन्याच उभ्या राहिल्या.

आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. १९६५ ची एचबी-१ बाजरी आठवते? उत्पन्न वाढलं, पण काही वर्षांतच केवड्याने (गोसावी रोग) झोडपलं. संकरात एक गुण वाढवताना दुसरा निसटतो. गांजातही तेच झालं. घट्ट तुऱ्याला दमट हवेत बुरशी लवकर धरते. पण त्याहून मोठी गोष्ट माणसाच्या डोक्याशी संबंधित आहे.

गांजात नशा आणणारं मुख्य द्रव्य टीएचसी. त्याची धार काहीशी बोथट करणारं दुसरं द्रव्य सीबीडी, असं मानलं जातं. निवड होत गेली ती फक्त नशेसाठी. अमेरिकेत जप्त मालाच्या तपासणीत १९९५ मध्ये टीएचसी सरासरी ४ टक्के होतं, २०१४ मध्ये १२ च्या आसपास. सीबीडी मात्र त्याच काळात घसरलं. म्हणजे ब्रेक काढून इंजिन वाढवलं. कोवळ्या वयात रोज असा जोरकस माल ओढणाऱ्यांत भ्रम-भास होणाऱ्या मानसिक आजाराचा धोका जास्त दिसतो, हे अनेक अभ्यासांत आलंय.

आणि आपला कायदा? १९८५ चा एनडीपीएस कायदा टक्का बघत नाही, वजन बघतो. २० किलो म्हणजे व्यावसायिक प्रमाण, शिक्षा किमान दहा वर्षं. तुरीच्या ओळींत गांजा लावणाऱ्याचं ओलं झाड मुळासकट काट्यावर चढतं. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलाफळांचे शेंडे. हा वाद कोर्टात वारंवार येतो. दुसरीकडे बंद खोलीतला कितीतरी जोरकस माल शहरात ग्रॅमवर विकला जातो आणि कागदावर ‘अल्प प्रमाण’ ठरतो. एक किलोपर्यंत अल्पच!

म्हणून टपरीवरच्या त्या मित्राला माझं उत्तर एवढंच. आजोबांनी ओढला तो गांजा आणि पोराच्या खिशातला गांजा यांचं नाव एक आहे, झाड एक राहिलेलं नाही. आजोबांचा दाखला देऊन पोराला सूट देऊ नका. आणि पोराची भीती दाखवून बांधावरच्या माणसाला दहा वर्षं आत टाकतानाही, काट्यावर नक्की काय ठेवलंय ते बघा.

आम्हा बातमीदारांनीही ‘अमुक लाखांचा गांजा’ एवढंच छापणं सोडावं. कोणता, कुठला, किती तीव्र, हे पोलिसांना विचारावं. पुढच्या बातमीपासून मी विचारणार आहे.

तुमच्या भागात जुन्या लोकांकडून परवान्याच्या गांजाच्या आठवणी ऐकल्या असतील तर कमेंटमध्ये जरूर लिहा.